पद्मिनीचं इंजिन रंगवताना: मॅनिफोल्डचा ‘हीटप्रूफ’ रंग का उडतो आणि कुठल्या भागाला काय मारावं

प्रश्न थोडक्यात असा: जुनी प्रीमियर पद्मिनी, इंजिन उतरवून बोअरिंगला (सिलिंडर आतून कातायला) दिलंय, ते परत येईपर्यंत रंगाचं ठरवायचंय. मागच्या खेपेला पेंटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (जळालेला वायू इंजिनातून बाहेर नेणाऱ्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नळ्यांना) ‘६०० डिग्री हीटप्रूफ’ सिल्व्हर मारला होता, तो पंधरवड्यात पोपडे होऊन गळला. आता बाहेरून मागवलेला महागडा स्प्रे घ्यावा का, आणि तोच ब्लॉकपासून (इंजिनाच्या मुख्य धडापासून) टॅपेट कव्हरपर्यंत (वरच्या झाकणापर्यंत) सगळीकडे मारला तर चालेल का?

सगळीकडे मारू नका. आणि महाग डबा घेण्याआधी मागचा रंग का गळला ते बघा, कारण त्याच कारणांनी तीन हजारांचा रंगही गळेल. मी जुन्या गाड्यांची इंजिनं उघडतो, धुतो, रंगवतो. मॅनिफोल्डवरून उडालेला रंग नुसत्या उष्णतेने जळून गेलाय असं फार क्वचित दिसतं. बहुतेक वेळा खाली तेल असतं, थर जाड असतो, किंवा रंग भाजलेलाच नसतो. अनेकदा तिन्ही.

आधी तापमानाचा हिशोब. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ब्लॉकचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण ८० ते ११० अंशांत राहतो. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, खालचा ऑइल चेंबर हे तेलाच्या तापमानाने चालतात, म्हणजे ९० ते १२०. हेडचा (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचा) एक्झॉस्ट पोर्टांजवळचा भाग त्याहून गरम. आणि मग एकदम उडी: मॅनिफोल्ड शहरात सावकाश चालवताना ३००-४०० वर असतो, आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल दाबून चढवलात तर ६०० च्या आसपास जातो. अंधारात बॉनेट उघडून मॅनिफोल्ड मंद लाल दिसला तर ५०० ओलांडले असं धरा. म्हणजे एकाच इंजिनावर, वीतभर अंतरावर, दोन वेगळी जगं आहेत आणि दोघांना एक रंग पुरत नाही.

डब्यावरच्या ६०० चा अर्थ काय? हा रंग सिलिकोन रेझिनचा असतो. साध्या एनॅमलचा कणा कार्बनचा, तो २०० च्या पुढे पिवळा पडतो आणि मग जळतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनचा, तो जास्त उष्णता सोसतो. ३००-४०० च्या वर त्यातला सेंद्रिय भाग हळूहळू जळून जातो आणि मागे काचेसारखं सिलिकाचं जाळं उरतं, त्यात अॅल्युमिनियमच्या चकत्या अडकलेल्या. मॅनिफोल्डवर वर्षभराने जो रंग टिकलेला दिसतो तो हा असतो, डब्यातला नव्हे. सिल्व्हर रंगाची मजल ६००-६५० वर थांबते त्यालाही साधं कारण आहे: अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं.

आपल्याकडच्या आयएस १३१८३ या मानकात उष्णतारोधक अॅल्युमिनियम रंगाच्या ६००, ४०० आणि २०० अंशांच्या प्रती आहेत. कारखान्यांच्या चिमण्या, बॉयलरचे पाइप यांना लागतो म्हणून तो औद्योगिक रंगांच्या दुकानात लिटरवर मिळतो आणि मॅनिफोल्डला उत्तम चालतो. काही कंपन्या पेस्ट आणि मीडियम वेगळ्या डब्यांत देतात. ते त्याच दिवशी लागेल तेवढंच कालवा. कालवून ठेवलं की चकत्या वर तरंगायच्या थांबतात आणि चकाकी करडी पडते. हार्डवेअरच्या दुकानात ‘हीटप्रूफ सिल्व्हर’ म्हणून जे स्वस्त मिळतं, ते मात्र पुष्कळदा २०० अंशांचं असतं, किंवा नुसतंच गेटला मारायचं अॅल्युमिनियम पेंट. डब्यावर आकडा छापलेला नसेल तर परत ठेवा.

आता हाच ६०० चा रंग ब्लॉकला का नको? कारण तो हवेत सुकतो, पण पक्का होत नाही. पक्का व्हायला त्याला २०० अंशांच्या वर निदान अर्धा-पाऊण तास लागतो. मडकं उन्हात वाळलं म्हणजे भाजलं गेलं असं होत नाही, तसंच हे. तुमचा ब्लॉक आयुष्यात १२० च्या वर जाणार नाही, म्हणजे त्याच्यावरचा सिलिकोन रंग कायम कच्चाच राहणार. नखाने ओरखडा उठेल, आणि फ्युएल पंपाखाली पेट्रोलचा एक ओघळ आला की तेवढ्या पट्ट्यात बीड उघडं पडेल. मोठ्या आकड्याचा रंग म्हणजे जास्त चांगला रंग, हा गैरसमज इंजिनाच्या बाबतीत सगळ्यात महागात पडतो.

ब्लॉकला माझी पसंती एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-के पीयू, म्हणजे बॉडीला मारतात तोच हार्डनरवाला रंग. १२० अंश तो आरामात सोसतो, तेल आणि पेट्रोल दोन्हींना दाद देत नाही. स्प्रे कॅनमध्येच हवं असेल तर ‘इंजिन एनॅमल’ नावाने मिळतात ते घ्या. त्यांची मजल २५०-२६० अंशांपर्यंत असते, ब्लॉकला ती भरपूर झाली. पण पेट्रोलची परीक्षा आधी पत्र्याच्या तुकड्यावर घ्या: आठवडाभर सुकू द्या, मग पेट्रोलचा बोळा मिनिटभर ठेवा. रंग बोळ्याला लागला तर तो पंपाच्या बाजूला मारू नका. मूळ रंग कोणता होता हे शोधायचं असेल तर इंटरनेटवरच्या फोटोंवर विसंबू नका. ब्रॅकेटच्या मागे, माउंटिंगच्या फटीत साठलेलं ग्रीस खरवडा. तिथे कारखान्याचा रंग अजून जिवंत असतो.

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून तो मारायचा नाही. त्याचा दमा एकदा जडला की तो माणूस पुन्हा त्या रंगाजवळ उभा राहू शकत नाही. बंद खोलीत गन चालवायची असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर हे काम बूथ असलेल्या पेंटरला द्या, ब्लॉकएवढ्या कामाचे तो फार घेणार नाही.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. हेडला मी रंग देत नाही. काचेच्या बारीक मण्यांच्या माऱ्याने (ग्लास बीड) साफ केलेलं अॅल्युमिनियम जसं आहे तसं सुंदर दिसतं, आणि गॅसकेटजवळ गळती सुरू झाली तर लगेच कळते. अॅल्युमिनियमच्या एखाद्या भागाला रंग द्यायचाच झाला तर एच (एचिंग) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कोरून धरणारा प्रायमर, हवा, नाहीतर पापुद्रा निघतो. आणि अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत जाऊ देऊ नका. बीड धुणारे लोक सवयीने सगळं एकाच टाकीत टाकतात. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं, वर हायड्रोजन सुटतो. पत्र्याचं टॅपेट कव्हर आणि चेंबर यांना पावडर कोटिंग चांगलं, फक्त आतून नको: आतला पापुद्रा सुटला तर तो थेट ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

आता खरं काम, म्हणजे सफाई. आपल्याकडे गॅरेजमध्ये भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुतात, हवा मारतात आणि ‘साफ झाला’ म्हणून पेंटरकडे देतात. डिझेल स्वतःच तेल आहे. ग्रीस निघतं, पण पातळ तेलकट साय मागे राहते, आणि बीड सच्छिद्र असल्याने ते आत मुरतं. डिझेलनंतर गरम पाणी आणि डीग्रीझर किंवा कपड्याची पावडर, ब्रशने, दोनदा. मग स्वच्छ पाणी. हे पाणीच तुमची तपासणी करतं: पृष्ठभागावर ते सलग पडद्यासारखं पसरलं तर साफ, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर तेल आहे, परत घासा.

चाळीस वर्षं तेल प्यालेल्या मॅनिफोल्डला तेवढ्यानेही भागत नाही. तो रंगाआधी एकदा कोरडाच २००-२५० अंशांवर तापवा. तेल घामासारखं वर येतं, धूर होतो. गार झाल्यावर पुसा, आणि मग ब्लास्टिंगला (दाबाच्या हवेने खडी मारून साफ करायला) द्या. उलट क्रमाने केलंत तर ब्लास्टिंग तेल आणखी आत ठोकतं.

ब्लास्टिंगवाल्याला दोन गोष्टी सांगा. खडी बारीक हवी, कारण सिलिकोनचा थर पातळ असतो. जाड खडीने उठलेली टोकं त्या थरातून डोकावतात आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. दुसरं, ब्लॉक असेल तर ऑइल गॅलरी (आतल्या तेलाच्या वाटा), बोअर, आटे सगळं बुजवल्याशिवाय हात लावायचा नाही. खरं तर तयार होऊन आलेला ब्लॉक ब्लास्टिंगला देऊच नये. बोअरिंगच्या आधी द्यावा, मग मशीनिंग, मग गॅलऱ्यांचे प्लग काढून आतून धुणं. तुमचा ब्लॉक आधीच मशीन शॉपमध्ये आहे, तेव्हा आता वायर ब्रश आणि हात, एवढंच. कुणी नदीची वाळू वापरून ब्लास्टिंग करत असेल तर तिथे उभेही राहू नका, त्या धुळीने सिलिकोसिस होतो. मॅनिफोल्डचं जुनं पॅकिंग अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं घासून उडवू नका, ओलं करून पट्टीने काढा.

पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात ब्लास्ट केलेलं बीड तासाभरात तांबूस व्हायला लागतं. रंग त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत पडला पाहिजे, आणि भाग थोडा कोमट असेल तर उत्तम. बाहेर पाऊस कोसळत असताना मारूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढरट धरतो.

गंज थांबवायला बरेच जण फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर मारतात. ब्लॉकला चालेल. मॅनिफोल्डला नाही: त्या फॉस्फेटच्या थरात बांधलेलं पाणी असतं, तापल्यावर ते सुटतं आणि वरचा रंग उचलतं. तसंच मॅनिफोल्डवर लांबी (पुट्टी) नको, एपॉक्सी प्रायमर नको, रेड ऑक्साइड नको. उघडं बीड आणि थेट सिलिकोन. प्रायमर घ्यायचाच असेल तर त्याच कंपनीचा, त्याच तापमानाचा. बिडातले खड्डे दिसले तर दिसू द्या.

रंग मारताना पेंटरचा हात आवरणं हे सगळ्यात अवघड. बॉडीवर चार हात मारायची सवय असते. इथे एका हाताचा सुकलेला थर २०-२५ मायक्रॉनचा, दोन हात, संपलं. ४०० मिमीचा बिडाचा तुकडा ५०० अंशांनी तापला की सव्वादोन मिमीच्या आसपास लांबतो आणि गार झाला की परत आखडतो. पातळ थर त्याच्याबरोबर ताणला जातो, जाड थर तडकतो. शिवाय जाड थरात वरची साय आधी बंद होते, आतला थिनर तापल्यावर बाहेर पडायला बघतो आणि फोड येतात. तुमच्या मॅनिफोल्डचे पोपडे जर नखाएवढे आणि मागून चकचकीत असतील, तर जाडी आणि तेल, दुसरं काही शोधायला नको.

रंगछटा सिल्व्हर, काळी किंवा करडी यांपैकीच घ्या. काळाही ‘उष्णतारोधक’ म्हणून विकलेलाच हवा. साध्या काळ्यातला कार्बन जळून जातो आणि मॅनिफोल्ड राखी पडतो. चांगल्या काळ्यात मँगनीज-लोह किंवा तांबे-क्रोमचे ऑक्साइड असतात. पिवळ्या-क्रीम छटांच्या नादी लागू नका. पिवळा लोह ऑक्साइड २०० च्या आसपास पाणी सोडून लाल व्हायला लागतो. शर्यतीच्या गाडीसारखा दिसणारा क्रीम मॅनिफोल्ड महिन्यात विटकरी दिसेल.

आता भाजणी, आणि इथे तुमच्या बाबतीत एक अडचण आहे जी डब्यावर लिहिलेली नसते. डबे सांगतात: इंजिन दहा मिनिटं आयडलवर चालवा, गार करा, वीस मिनिटं चालवा, गार करा, मग गाडी चालवा. चालत्या इंजिनाला हे ठीक. पण तुमचं इंजिन नवं बांधलेलं असणार. पद्मिनीचा कॅम (झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा) ब्लॉकमध्ये, टॅपेट (त्या उंचवट्यांवर, म्हणजे लोबवर, टेकणारे तुकडे) सपाट तळाचे. नवा कॅम आणि नवे टॅपेट घातले असतील तर पहिल्या स्टार्टनंतर इंजिन लगेच दीड-दोन हजार आरपीएमवर वीसेक मिनिटं ठेवावं लागतं, कारण आयडलवर कॅमच्या लोबवर पुरेसं तेल उडत नाही आणि लोब घासले जातात. म्हणजे रंगाला हवं आयडल, कॅमला हवा वेग. रंगासाठी कॅम घालवू नका. मॅनिफोल्ड इंजिनाला लावण्याआधीच बाहेर भाजून घ्या.

कुठे? पावडर कोटिंगवाल्याकडे भट्टी असते, ती २०० च्या वर जाते का ते विचारा. पण त्याला रंग सिलिकोनचा आहे हे आधी सांगा. सिलिकोनची वाफ भट्टीत राहिली तर त्याच्या पुढच्या मालाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, म्हणून काही जण सरळ नाही म्हणतात, आणि ते बरोबर आहेत. दिवसाच्या शेवटी, रिकाम्या भट्टीत, एक दिवस सुकलेला भाग घेतला तर घेतात. नाहीतर भंगारातला मोठा ओटीजी, गच्चीवर किंवा अंगणात, मॅनिफोल्ड बसत असेल तर. ज्यात पुन्हा पाव-केक करायचाय त्यात मुळीच नाही. आधी १२० वर अर्धा तास, गार करा, मग २०० ते २३० वर पाऊण तास. ही वेळ भाग तितका तापल्यावर मोजायची, भट्टी लावल्यापासून नाही. बिडाचा जाड तुकडा तापायलाच वीस-पंचवीस मिनिटं घेतो. डब्यावर कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा. घरगुती ओव्हन ३०० ला पोचत नाही, पण ही भाजणी झाल्यावर उरलेलं काम रस्ता करतो.

बसवताना: गॅसकेटची तोंडं, स्टडची छिद्रं आणि नटाखालची बसणी यांवर रंग नको. नटाखालचा रंग जळला की तेवढी जाडी जाते आणि नट ढिला पडतो. त्यामुळे पहिल्यांदा पूर्ण तापून गार झाल्यावर मॅनिफोल्डचे नट परत ताणा, आणि स्टडला अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. ब्लॉकवर अर्थिंगची पट्टी जिथे बसते ती जागा घासून उघडी करा. ताज्या रंगवलेल्या इंजिनाचा स्टार्टर सुस्त फिरतो म्हणून बॅटरी बदललेले लोक मी पाहिले आहेत, दोष रंगाखालच्या अर्थिंगचा होता. पहिल्या दिवशी बॉनेटमधून धूर आणि जळका वास येईल, तो येतोच. गाडी बंद गॅरेजात चालवू नका.

भाजणी नीट होऊनही हेडलगतच्या पहिल्या दोन इंचांत रंग पांढरा पडत असेल तर पेंटरला बोल लावण्याआधी इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघा. टायमिंग मागे असलं की जाळ एक्झॉस्टमध्ये जातो आणि मॅनिफोल्ड विनाकारण लाल होतो. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरचं मिक्श्चर थोडं पातळ पडतं, तेव्हा जेट आणि प्लगचा रंग तपासून घ्या. तेच इथेनॉल जुने रबरी पाइपही खातं, आणि पाइप झिरपला की परत ब्लॉकच्या रंगावर ओघळ.

अजून एक. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. आता उरलेल्या बहुतेक पद्मिनी रविवारी दहा किलोमीटर फिरतात. टॅक्सीचा मॅनिफोल्ड दिवसभर गरम असायचा, गंजायला फुरसतच नव्हती. रविवारच्या गाडीचा मॅनिफोल्ड सहा दिवस दमट हवेत गार पडून असतो, आणि नुसता अॅल्युमिनियम सिलिकोन रंग गंजापासून वाचवायला फारसा भक्कम नाही. समुद्राजवळ राहत असाल तर दोन-तीन वर्षांनी तो परत करावा लागेल, हे धरून चाला.

ते नको असेल तर दोन महाग वाटा आहेत. एक, सिरॅमिक कोटिंग. सिराकोटसारख्या कंपन्यांचे उष्णतेसाठीचे प्रकार हवेतच पक्के होतात आणि ९०० च्या पुढची उष्णता सोसतात, पण ब्लास्टिंग आणि तेलमुक्त पृष्ठभाग यांत तसूभर सूट देत नाहीत, म्हणून प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावं. दुसरी, काचेचं खरं एनॅमल. जुन्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनांचे मॅनिफोल्ड असेच यायचे, काळे, चकचकीत. दिसायला त्याला तोड नाही, पण पाना निसटून लागला की टवका उडतो, आणि टवक्याला दुरुस्ती नाही. पद्मिनीवर मी तो खर्च करणार नाही.

आणि मॅनिफोल्डला कापडी एक्झॉस्ट रॅप गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बीड आतल्या आत जास्त तापतं, ओल धरून ठेवतं आणि तडा गेला तरी दिसत नाही. बजेट संपलं असेल तर मॅनिफोल्ड नुसता ब्लास्ट करून ग्रॅफाइटचं स्टोव्ह पॉलिश घासा. दर दोन-तीन महिन्यांनी परत घासावं लागेल, पण पोपडे निघायचा प्रश्नच नाही.